कॉलेजमधला डिफेन्सिव्ह एन्ड एनएफएलसाठी कसा पारखावा?

नोव्हायकर

नमस्कार. मी डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय येथे राहतो आणि मिशिगन विद्यापीठाचे सामने नियमाने पाहतो. येथील आम्हा काही मराठी मित्रांमध्ये एनएफएल ड्राफ्टविषयी, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधील संघ कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात त्याविषयी, भरपूर चर्चा होते. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) किंवा रिसीव्हर (तो झेलणारा) यांच्याबाबत निदान कोण काय म्हणतो आहे ते एकमेकांना समजते. डिफेन्सिव्ह एन्डचा, म्हणजे बचाव फळीच्या टोकावरून क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्या खेळाडूचा, विषय निघाला की मात्र प्रत्येक जण वेगळ्याच गोष्टीकडे बोट दाखवतो.

२०२१ च्या हंगामात मिशिगनच्या एडन हचिन्सनने १४ सॅक केले (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणे म्हणजे सॅक), त्यांपैकी तीन ओहायो स्टेटविरुद्धच्या एकाच सामन्यात, आणि कॉलेजमधील सर्वोत्तम खेळाडूच्या हाइझमन पारितोषिकाच्या मतदानात तो दुसरा आला. बचाव फळीतील खेळाडूला हा मान क्वचितच मिळतो. जॉर्जियाच्या ट्रॅव्हॉन वॉकरच्या नावावर त्याच हंगामात ६ सॅक होते. असे असूनही २०२२ च्या ड्राफ्टमध्ये जॅक्सनव्हिलने पहिल्या क्रमांकावर वॉकरला घेतले आणि हचिन्सन दुसऱ्या क्रमांकावर आमच्या डेट्रॉइट लायन्सकडे आला. आम्हाला त्याचा आनंदच झाला; परंतु निम्म्याहून कमी सॅक असलेला खेळाडू वरचढ ठरवताना त्या संघाने काय पाहिले असेल, हे मला आजही समजून घ्यावेसे वाटते.

‘टेप पाहा’ असे सर्व जण सांगतात, पण टेपमध्ये नजर कशावर ठेवायची हे कोणी सांगत नाही. माझी नजर चेंडूमागे जाते आणि एन्ड दिसतो तोवर क्वार्टरबॅक खाली पडलेला असतो. इंडियानापोलिसच्या कंबाइनमधील (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांतील) मोजमापांना किती वजन द्यावे, आणि लहान विद्यापीठांतील खेळाडूंचे आकडे मोठ्या विद्यापीठांच्या आकड्यांशेजारी कसे ठेवावेत, हेही जाणकारांनी सांगावे.

कोलंबसची मीरा

आपला प्रश्न फार चांगला आहे, आणि त्याचे उत्तर सॅकच्या आकड्यापासून थोडे दूर गेल्याखेरीज मिळणार नाही. सॅक हा शेवट आहे आणि आपल्याला पारखायची असते ती त्या शेवटापर्यंत पोहोचण्याची रीत. क्वार्टरबॅकला पास देण्याजोगा एकही साथीदार मोकळा दिसला नाही आणि तो चार-पाच सेकंद चेंडू धरून उभा राहिला, तर एन्डच्या नावावर लागलेला सॅक खरे तर मागे रिसीव्हरना रोखणाऱ्या कॉर्नरबॅकांनी कमावलेला असतो. क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या समोरच्या लाइनमनचा गोंधळ होऊन एन्डला कोणी अडवलेच नाही, तरीही नोंद सॅकचीच होते. उलट एखाद्या एन्डने टॅकलला, म्हणजे त्या फळीतील टोकाच्या लाइनमनला, दोन सेकंदांत मागे टाकले, क्वार्टरबॅकने घाईने चेंडू फेकला आणि तो जमिनीवर पडला, तर एन्डच्या खात्यावर सॅक लागत नाही, जरी त्या डावातील सर्वांत मोठे काम त्याचेच असले तरी. म्हणून एकूण सॅकपेक्षा, पास रोखण्यासाठी तो धावून गेला अशा किती स्नॅपपैकी, म्हणजे डावांपैकी, कितींमध्ये त्याने क्वार्टरबॅकवर प्रेशर आणले, हे प्रमाण अधिक विश्वासार्ह मानावे. व्यावसायिक खेळात ईएसपीएन ही क्रीडावाहिनी जे पास रश विन रेट मोजते, त्यात अडीच सेकंदांच्या आत एन्डने ब्लॉकरला हरवले की नाही एवढेच पाहिले जाते, कारण सॅक न होताही एन्ड जिंकलेला असू शकतो.

आता नजर कुठे ठेवावी. सामना रेकॉर्ड करून घ्या आणि सुरुवातीला फक्त थर्ड डाउनचे (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याचे), त्यातही सात-आठ किंवा अधिक यार्ड हवे असलेले डाव पाहा, कारण तेव्हा पास येणार हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. कॉलेजच्या खेळात पहिल्या दोन डाउनवर आरपीओचे, म्हणजे चेंडू घेऊन धावायचे की पास द्यायचा हे ऐनवेळी ठरवतात असे, डाव पुष्कळ असतात. तिथे पास फेकला जाण्याआधी लाइनमनला तीन यार्ड पुढे जाण्याची मुभा आहे, एनएफएलमध्ये ती एकच यार्ड आहे. त्यामुळे कॉलेजमधल्या एन्डला अनेकदा जागीच थांबून धाव आहे की पास याचा अंदाज घ्यावा लागतो. अशा डावांवरून त्याला मंद ठरवणे अन्यायाचे होईल.

चेंडू हलताक्षणी तो इतर लाइनमनच्या आधी हलतो का, हे पहिले पाहावे. टीव्हीवर चित्र थांबवले की हे स्पष्ट दिसते: चांगल्या एन्डचे पहिले पाऊल पडून गेलेले असते आणि त्याच्या शेजारचे अजून खालीच असतात. पहिल्या दोन पावलांत त्याने जमीन किती कापली, यावर टॅकलला किती घाईने मागे सरकावे लागेल हे ठरते, आणि घाईत सरकणाऱ्या टॅकलचा तोल आतल्या बाजूला उघडा पडतो.

त्यानंतर वळण. क्वार्टरबॅक बहुधा सात ते नऊ यार्ड मागे उभा असतो. एन्ड त्याच्याकडे सरळ रेषेत पोहोचू शकत नाही. टॅकलच्या बाहेरून जाऊन, तो ढकलत असतानाच, आत वळावे लागते. घाटातल्या वळणावर दुचाकी जशी आत झुकते तसे खांदा जमिनीकडे नेत, घोट्यावर भार देत, वेग न सोडता वळता येणे यालाच तिकडे बेंड म्हणतात. ज्याला हे येत नाही तो एन्ड कितीही वेगवान असला तरी क्वार्टरबॅकच्या मागून निघून जातो, आणि टॅकलला फक्त त्याला आणखी मागे ढकलून द्यायचे असते. माझ्या मते एन्डच्या अंगात जे काही असावे लागते त्यात हा गुण सर्वांत दुर्मीळ आहे आणि विशीनंतर तो फारसा शिकवता येत नाही. मायल्स गॅरेटकडे तो २७२ पौंड वजनात होता, म्हणून २०१७ मध्ये क्लीव्हलँडने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले त्याचे कोणाला फारसे आश्चर्य वाटले नाही.

तिसरी गोष्ट हातांची. टॅकलचे हात छातीवर पडण्याआधी एन्ड ते झटकतो का, आणि पहिली चाल अडली तर दुसरी त्याच्याकडे तयार असते का? कॉलेजमध्ये केवळ जोरावर जिंकणारे पुष्कळ असतात, कारण दर आठवड्याला समोर भावी एनएफएल टॅकल उभा नसतो. म्हणून हंगामातील जे दोन-तीन सामने खरोखरच चांगल्या टॅकलविरुद्ध झाले, ते वेगळे काढून पाहावेत. दुबळ्या संघाविरुद्ध एका दुपारी मिळवलेले चार सॅक हंगामाच्या बेरजेत मोठे दिसतात. पारख करताना त्यांना जवळजवळ काहीच किंमत देऊ नये.

टॅम्पानिवासी

मीराताईंशी मी बहुतांशी सहमत आहे. मोजमापांविषयी माझे मत सांगतो.

कंबाइनमधील चाळीस यार्डांच्या धावेची चर्चा सर्वाधिक होते, परंतु एन्डला सरळ चाळीस यार्ड धावण्याची वेळ सामन्यात क्वचितच येते. त्याच धावेतील पहिल्या दहा यार्डांचा वेळ पाहावा. अडीचशे पौंडांहून जड खेळाडूने तो १.६ सेकंदांच्या आसपास आणला तर पहिली झेप घेण्याचा जोर त्याच्या अंगात आहे असे मानता येते. थ्री-कोन या चाचणीत वेगात दिशा बदलून कोनाभोवती वळावे लागते, म्हणून बेंडचा थोडाफार अंदाज तिथे मिळतो, आणि सात सेकंदांखालील वेळ एन्डसाठी चांगला समजला जातो. २२५ पौंडांचा बेंच प्रेस मात्र एन्डच्या बाबतीत मला जवळजवळ निरुपयोगी वाटतो.

आमच्या टॅम्पाच्या इतिहासात यासंबंधी एक मोठी घटना आहे. १९९५ मध्ये बॉस्टन कॉलेजच्या माइक मामुलाने कंबाइनच्या चाचण्यांची खास तयारी करून थक्क करणारे आकडे दिले, आणि फिलाडेल्फियाने टॅम्पा बेशी अदलाबदल करून वर सरकत त्याला सातव्या क्रमांकावर घेतले. टॅम्पाने बाराव्या क्रमांकावर वॉरेन सॅपला आणि अठ्ठाविसाव्या क्रमांकावर डेरिक ब्रुक्सला घेतले; दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंच्या सन्मान-यादीत) गेले. मामुलाचे नाव आजही कंबाइनच्या भुलाव्याचे उदाहरण म्हणून घेतले जाते. हे त्याच्यावर थोडे अन्यायकारक आहे, कारण त्याने कारकिर्दीत ३१.५ सॅक केले आणि तो अगदीच टाकाऊ खेळाडू नव्हता. परंतु सातव्या क्रमांकाची किंमत त्याने वसूल करून दिली नाही, हे खरे.

याउलट टेरेल सग्ज. ॲरिझोना स्टेटकडून २००२ मध्ये त्याने २४ सॅक केले. एनसीएए ही कॉलेज खेळांची संघटना सॅकची अधिकृत नोंद २००० पासून ठेवते आणि त्या नोंदीत हा एका हंगामाचा विक्रम आहे. ड्राफ्टआधीच्या धावेत तो मंद निघाला, आणि वर जाईल असे वाटणारा खेळाडू दहाव्या क्रमांकावर बाल्टिमोरला मिळाला. त्याने एनएफएलमध्ये १३९ सॅक केले.

एक उदाहरण मात्र मला कोणत्याही एका बाजूला ठेवता येत नाही. ओहायो स्टेटच्या व्हर्नन घोलस्टनकडे मोजमापेही होती आणि आकडेही: २००७ च्या हंगामात १४ सॅक, शिवाय कंबाइनमध्ये जबरदस्त ताकद आणि वेग. २००८ मध्ये न्यूयॉर्क जेट्सने त्याला सहाव्या क्रमांकावर घेतले आणि तीन हंगामांत त्याला एकही सॅक मिळाला नाही. मीराताई कोलंबसच्या आहेत, त्यांनी याविषयी लिहावे.

हातांच्या लांबीबद्दलही सांगायला हवे. टॅकलचे हात आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी आपले हात त्याच्या छातीवर असावेत, म्हणून संघांना ३३ इंचांहून लांब हात हवे असतात. वॉकरचे हात साडेपस्तीस इंचांचे भरले, हचिन्सनचे ३२ इंचांना किंचित ओलांडणारे. या एका आकड्यामुळे हचिन्सनविषयी शंका घेणारे लोक होते. माझ्या मते लांबी हा फायदा आहे, अट नाही. ड्वाइट फ्रीनी सहा फूट एक इंच उंचीचा होता आणि त्याच्या स्पिनपुढे (गिरकी घेऊन निसटण्यापुढे) एका पिढीतील टॅकल हतबल झाले. एल्व्हिस डुमरव्हिल सहा फूटही नव्हता, तो २००६ मध्ये चौथ्या फेरीपर्यंत उरला आणि २००९ मध्ये १७ सॅक करून लीगमध्ये पहिला आला.

कोलंबसची मीरा

घोलस्टनच्या बाबतीत दोन गोष्टी एकत्र आल्या, असे मला वाटते. त्याचा खेळ सरळ रेषेतल्या जोरावर उभा होता. तो जोर अडला की पुढची चाल येत नसे आणि वळणावर शरीर ताठ राहत असे. दुसरे असे की, कॉलेजमध्ये तो हात जमिनीला टेकवून एन्ड म्हणून खेळत होता आणि जेट्सच्या ३-४ रचनेत (पुढे तीन लाइनमन, मागे चार लाइनबॅकर) त्याला उभे राहून बाहेरच्या लाइनबॅकरचे काम करावे लागले. ज्याच्या अंगात बेंड आणि हातांचे कौशल्य आहे तो अशा बदलातून तरून जातो. ज्याचा सगळा भर पहिल्या धक्क्यावर आहे त्याला जागा बदलली की पुन्हा शून्यापासून शिकावे लागते, आणि सहाव्या क्रमांकाच्या खेळाडूला तेवढा अवधी कोणी देत नाही.

नोव्हायकर

दोघांचेही मनापासून आभार. हे वाचून मूळ प्रश्न अधिक नेमका झाला आहे. हचिन्सनचे हात आखूड असले तरी त्याचा थ्री-कोनचा वेळ ६.७३ सेकंद होता आणि वॉकरचा ६.८९, म्हणजे वळण्यात हचिन्सन पुढे, सॅकमध्येही पुढे. चाळीस यार्ड मात्र वॉकरने २७२ पौंड वजनात ४.५१ सेकंदांत पार केले. मग जॅक्सनव्हिलने केवळ सरळ रेषेतला वेग आणि हातांची लांबी यांवर पहिला क्रमांक खर्च केला असे समजायचे का?

देवदत्त, सॅन अँटोनिओ

केवळ तेवढ्यावर नाही, आणि इथेच खेळाडूला कॉलेजमध्ये कोणते काम दिले होते हा मुद्दा येतो. मी येथील एका हायस्कूलमध्ये बचाव फळीतील मुलांना शिकवायला मदत करतो, त्यामुळे हा मुद्दा मला विशेष जवळचा आहे.

जॉर्जियाच्या २०२१ च्या बचावातील पाच खेळाडू एकाच ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेले. अशा संघात एकालाच खूप सॅक मिळणे मुळात कठीण असते, कारण खेळाडू आलटून-पालटून येतात आणि संधी वाटली जाते. शिवाय वॉकरला पुष्कळदा टॅकलच्या आत, त्याच्या शेजारच्या गार्डजवळ उभे केले जात असे, तिथून धाव रोखायची आणि ब्लॉकर अंगावर घ्यायचे. काही डावांत तर त्याला मागे सरकून पास अडवायला पाठवत. बाहेरून मोकळेपणाने धावून जाण्याची मुभा हचिन्सनला होती तितकी त्याला नव्हती. म्हणून ६ आणि १४ हे आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करणे योग्य नाही. जॅक्सनव्हिलने अंदाज असा बांधला असावा की, याच शरीराला बाहेरचे काम दिले तर ते काय करील.

हा अंदाज पूर्णपणे चुकला असे म्हणता येत नाही. वॉकरला पहिल्या वर्षी साडेतीनच सॅक मिळाले, पण २०२३ मध्ये १० आणि २०२४ मध्ये १०.५. हचिन्सनने पहिल्या वर्षी ९.५, दुसऱ्या वर्षी ११.५, आणि २०२४ मध्ये पाय मोडण्यापूर्वी पाच सामन्यांत ७.५ सॅक केले. मला विचाराल तर मी हचिन्सनलाच घेतले असते. दोघांचा जन्म २००० सालचाच, म्हणजे एक कोवळा आणि एक पिकलेला असाही भेद नव्हता. आणि हचिन्सनकडे एका चालीतून दुसऱ्या चालीत जाण्याचे जे कौशल्य कॉलेजमध्येच दिसत होते, ते वॉकरला एनएफएलमध्ये येऊन शिकावे लागणार होते.

अंगभूत गुणांवर डाव लावणे किती यशस्वी होऊ शकते याचे माझे आवडते उदाहरण डॅनियल हंटरचे आहे. एलएसयूमधील शेवटच्या हंगामात त्याचे फक्त दीड सॅक होते. मिनेसोटाने २०१५ मध्ये त्याला तिसऱ्या फेरीत, ८८ व्या क्रमांकावर घेतले, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी त्याने १४.५ सॅक केले. इथे वय आणि किंमत दोन्ही लक्षात घ्यायला हवीत. वीस वर्षांच्या मुलाला शिकवायला वेळ असतो, आणि तिसऱ्या फेरीत चूक झाली तरी संघ कोलमडत नाही. पहिल्या क्रमांकावर तोच डाव लावणे हा वेगळा निर्णय आहे.

लहान विद्यापीठांबद्दल आपण विचारलेत, तर आपल्या घरापासून फार लांब नसलेल्या इप्सिलँटीकडे पाहा. ईस्टर्न मिशिगनचा मॅक्स क्रॉस्बी २०१९ मध्ये चौथ्या फेरीत, १०६ व्या क्रमांकावर ओकलंड रेडर्सकडे गेला. त्याच संघाने त्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर क्लेमसनचा क्लेलिन फेरेल घेतला होता, ज्याच्यामागे राष्ट्रीय विजेत्या संघाची कीर्ती होती. पहिल्याच हंगामात क्रॉस्बीने १० सॅक केले, फेरेलने ४.५, आणि हे अंतर पुढे वाढतच गेले. क्रॉस्बीचा थ्री-कोनचा वेळ ६.८९ होता, आणि त्याचा दम असा की शेवटच्या पाव भागातही तो पहिल्या डावासारखा धावे. फ्लोरिडा अटलांटिकचा ट्रे हेन्ड्रिक्सन १०३ व्या क्रमांकावर गेला आणि २०२४ मध्ये १७.५ सॅकसह लीगमध्ये पहिला आला. आयडाहो स्टेटचा जॅरेड ॲलन १२६ व्या क्रमांकावर जाऊन हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला. अशा खेळाडूंचे सॅक मोजताना माझी अट अशी असते की, आपल्या पातळीवर त्याने समोरच्या टॅकलवर निर्विवाद हुकमत गाजवलेली असावी; तिथेच तो कधी जिंकतो, कधी हरतो असा असेल, तर वर गेल्यावर तो सुधारेल ही आशा धरू नये. सिनियर बोल या ड्राफ्टआधीच्या सामन्याच्या आठवड्यात अलाबामातील मोबाइल शहरात ही मुले मोठ्या विद्यापीठांतील टॅकलसमोर उभी राहतात, तो सरावही पाहावा. फक्त एकास-एक सरावात मोकळी जागा एन्डच्या बाजूची असते हे ध्यानात ठेवून, कोण जिंकला यापेक्षा कोणत्या चालीने जिंकला ते टिपावे.

टॅम्पानिवासी

देवदत्त, आपण धाव रोखण्याचा उल्लेख केलात. माझा अनुभव असा की, चाहते ड्राफ्टच्या वेळी या बाजूकडे पाहतच नाहीत. ज्याला क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचता येते त्याने धाव रोखली नाही तर कितपत बिघडते?

देवदत्त, सॅन अँटोनिओ

पुष्कळ बिघडते, कारण ज्याला कडा राखता येत नाही, म्हणजे बाहेरून येणारी धाव अडवता येत नाही, त्याला प्रशिक्षक पहिल्या आणि दुसऱ्या डाउनवर मैदानात ठेवत नाहीत. मग प्रतिस्पर्धी थर्ड डाउनला दोन-तीन यार्डच शिल्लक ठेवतो, चेंडू पटकन फेकतो, आणि आपल्या एन्डला धावून जाण्याची संधीच येत नाही. कॉलेजच्या टेपमध्ये यासाठी बाहेरच्या बाजूने येणाऱ्या धावा पाहाव्यात. टाइट एन्ड (टॅकलशेजारचा आक्रमक खेळाडू) आणि टॅकल दोघे मिळून अंगावर आले असता तो हात लांब करून त्यांना छातीपासून दूर धरतो का, बाहेरचा खांदा मोकळा ठेवतो का, आणि धावणाऱ्याला आत, गर्दीकडे वळायला भाग पाडतो का, हे तिथे दिसते. खेळाडूला पाडण्याच्या (त्यालाही टॅकलच म्हणतात) नोंदीत यातले काहीच उमटत नाही, कारण धावणाऱ्याला पाडतो तो बहुधा मागचा लाइनबॅकर. दोनशे पंचेचाळीस पौंडांचा एन्ड कॉलेजमध्ये हे वेगावर निभावून नेतो. एनएफएलमध्ये तीनशे दहा पौंडांचा टॅकल त्याला उचलून बाजूला ठेवतो. अशा मुलाच्या शरीराच्या ठेवणीवर आणखी पंधरा पौंड चढतील का, आणि चढल्यावर पहिले पाऊल तसेच राहील का, याचा अंदाज बांधणे मला या सर्व पारखीतले सर्वांत अवघड काम वाटते. जो संघ असा खेळाडू पहिल्या फेरीत घेतो, त्याने पहिली दोन वर्षे तो फक्त थर्ड डाउनला खेळेल असे गृहीत धरूनच त्याची किंमत ठरवावी.